दिवा बारीक केला म्हणून ज्योतीची जात बदलते का? (प्रकाशाचं क्वांटमपण मोजण्याबद्दल)

फळा_खडू
शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या एका खेड्यात मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. धागा काढायचं कारण माझ्याच वर्गात घडलं.

मागच्या महिन्यात शिक्षकांची एक कार्यशाळा होती. तिथं एका व्याख्यात्यांनी लाल लेसर पॉइंटरपुढे एकामागून एक काळ्या काचा ठेवत नेल्या. ठिपका दिसेनासा झाल्यावर म्हणाले, "आता एका वेळी एकच फोटॉन जातो आहे, म्हणजे हा क्वांटम प्रकाश झाला." मला ते फार आवडलं. घरी येऊन गणितही केलं. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा १ मिलिवॅटचा लेसर सेकंदाला सुमारे ३३ लाख अब्ज फोटॉन फेकतो. त्यातून गाळत गाळत एकावर यायचं, म्हणजे काचा किती लागतील तेही काढलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच्या तसं सांगितलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, दिवा बारीक केला म्हणून ज्योतीची जात बदलते का?"

मला उत्तर देता आलं नाही. आठवडा झाला, प्रश्न डोक्यातून जात नाही. प्रकाश "क्वांटम" आहे, साध्या लहरींच्या हिशेबात बसत नाही, हे कशावरून ठरतं? कोणतं माप घ्यायचं? तिला खरं उत्तर द्यायचं आहे. कोणी मदत करेल का?


हळदवाला
शुक्रवार, रात्री १०:१२

सर, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, आता घरची हळद अन सोयाबीन पाहतो. पोरीचा प्रश्न लय भारी आहे. मले बी एक समजत नाही. फोटॉन एकएक सुटून राहिले का जोडीनं सुटून राहिले, हे पाहाले डोळा त लावता येत नाही. मंग मोजाचं कसं?


आरसा_भिंग
शनिवार, सकाळी ६:५५

सर, मी मूळची दारव्ह्याची. गेली काही वर्षं प्रकाशाच्या प्रयोगशाळेत हेच काम करते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या विद्यार्थिनीचं बरोबर आहे. ज्योतीची जात बदलत नाही. लेसर कितीही मंद केला तरी तो लेसरच राहतो, कारण काचा फोटॉन कमी करतात पण त्यांना रांगेत उभं करत नाहीत. समजा लेसर इतका मंद केला की एका झपक्यात सरासरी ०.१ फोटॉन उरतो. असे १०,००० झपके मोजले तर सुमारे ९,०४८ रिकामे जातील, ९०५ मध्ये एक फोटॉन असेल, ४५ मध्ये दोन आणि एक-दोन झपक्यांत तीन. हे पॉयसाँ वाटप. "एका वेळी एक" हे सरासरीपुरतं खरं. जोड्या अधूनमधून येतातच, आणि निव्वळ योगायोगानं जितक्या यायला हव्यात तितक्याच येतात. फोटॉनना एकमेकांचं काही देणंघेणं नाही.

आता मोजायचं कसं. शाळेचं टिनाचं छप्पर डोळ्यांपुढे आणा. आढ्याच्या नेमकं वर पडणारा थेंब एक तर डाव्या उतारावरून जातो, नाही तर उजव्या. दोन्हीकडं एकेक घमेलं ठेवलं आणि घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला पाहिलं की डावं वाजलं का, उजवं वाजलं का. हजार टिकटिकींत डावं १०० वेळा आणि उजवं १०० वेळा वाजलं, तर निव्वळ योगायोगानं दोन्ही एकाच वेळी १० वेळा वाजतील. प्रत्यक्षात किती वेळा वाजली त्याला या १० नं भागा. जो आकडा येतो त्याला आमच्याकडे जी-टू म्हणतात.

पाऊस एकसारखा रिमझिम लागला असेल तर १० च वेळा वाजतील, जी-टू १. लेसर असा असतो. पाऊस सरीसरीनं येत असेल, म्हणजे एक जोराची सर आणि मग उघडीप, तर सरीत दोन्ही घमेली सोबत वाजतात, २० वेळासुद्धा, मग जी-टू २. सूर्य, बल्ब, तारे यांचा प्रकाश असा असतो. आणि तिसरा प्रकार ठिबकच्या नळीचा. एक थेंब सुटला की दुसरा भरायला वेळ लागतो, त्यामुळे दोन थेंब एकदम पडतच नाहीत. दोन्ही घमेली सोबत वाजायची वेळ जवळजवळ येत नाही, जी-टू शून्याकडे जातो.

आढ्याच्या जागी अर्धपारदर्शक आरसा ठेवा, घमेल्यांच्या जागी एकेक फोटॉन टिपणारे दोन डिटेक्टर. प्रयोग हाच.


सांख्यिकी_काकू
शनिवार, सकाळी ११:२०

अमरावतीला तीस वर्षं सांख्यिकी शिकवली, म्हणून मध्येच बोलते.

आरसा_भिंग ताईंचा दृष्टान्त छान आहे, पण त्यात एक खाच आहे. थेंब ही मुळातच वस्तू आहे. वस्तू एका वेळी एकाच घमेल्यात पडली यात आश्चर्य कसलं? आश्चर्य कळायला आधी प्रकाशाला लहर समजून पाहावं लागतं.

लहर आरशावर आली की तिचे दोन भाग होतात, दोन्हीकडं सारखी तीव्रता जाते. म्हणून दोन्ही डिटेक्टर सोबत वाजण्याची शक्यता तीव्रतेच्या वर्गाच्या सरासरीवर ठरते, आणि योगायोगाचा हिशेब सरासरीच्या वर्गावर. आता तीव्रता कधी २, कधी ४ अशी हलते समजा. सरासरी ३, तिचा वर्ग ९. पण वर्ग आहेत ४ आणि १६, त्यांची सरासरी १०. भागाकार १ पेक्षा मोठा. तीव्रता मुळीच हलली नाही, तरच तो बरोबर १ येतो. १ च्या खाली तो येऊच शकत नाही, कारण वर्गांची सरासरी ही सरासरीच्या वर्गापेक्षा कधीच लहान नसते. हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो.

म्हणजे जी-टू १ च्या खाली मोजला गेला, की तीव्रता कशीही हलणारी कोणतीही लहर घ्या, कितीही लहरींचं मिश्रण करा, त्या मोजणीचा हिशेब लागणार नाही. माझ्या मते त्या मुलीला हीच ओळ सांगा. दृष्टान्त नंतर.


हळदवाला
शनिवार, दुपारी १:०५

काकू, आता समजलं. पाटाचं पाणी दोन दांडांत सोडलं त दोन्हीकडं जातेच. पाणी जास्त आलं त दोन्हीकडं जास्त, कमी आलं त दोन्हीकडं कमी. आज सगळं डाव्या दांडात अन उद्या सगळं उजव्या दांडात, असं आपोआप कधी होत नाही. प्रकाश तसा वागला म्हणजे तो पाटाचं पाणी नाही.

पण ताई, ठिबकसारखा प्रकाश येते कुठून? अन हे पयल्यांदा कोणी पाह्यलं?


आकाशखूण
शनिवार, संध्याकाळी ७:३०

पहिल्यांदा काय पाहिलं गेलं हे मी सांगतो, कारण ती गोष्ट आमची, म्हणजे तारे पाहणाऱ्यांची आहे. आणि कापसाचीही.

हॅनबरी ब्राउन आणि ट्विस या दोघांना ताऱ्यांचा व्यास मोजायचा होता. १९५६ मध्ये त्यांनी आधी पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश अर्धपारदर्शक आरशावर दुभंगून दाखवलं की दोन डिटेक्टरांमधले चढउतार जुळतात. मग जुन्या सर्चलाइटचे दोन आरसे घेऊन व्याधाच्या ताऱ्याचा व्यास काढला. तेव्हा बऱ्याच भौतिकशास्त्रज्ञांना हे पटेना. वेगवेगळे सुटलेले फोटॉन जोडीनं कसे येतील, हा त्यांचा आक्षेप. त्याच वर्षी पर्सेल यांनी दाखवून दिलं की सिद्धान्ताच्या हिशेबानं तसं व्हायलाच हवं. हा सरीचा पाऊस, जी-टू १ च्या वरचा. काकूंच्या नियमानं तो लहरींच्या हिशेबातही बसतो.

पुढे ऑस्ट्रेलियात नराब्री इथं त्यांनी १८८ मीटर व्यासाच्या गोल रुळावर फिरणारे दोन मोठे परावर्तक उभारले आणि ३२ ताऱ्यांचे व्यास मोजले. नराब्री आज तिकडच्या कापूस पट्ट्यातलं गाव आहे. यवतमाळच्या वावरात उभं राहून मृग नक्षत्राजवळचा व्याध पाहताना मला दरवेळी ते आठवतं. काळ्या मातीच्या, कापसाच्या मुलखातून कोणी तरी हा प्रकाश मोजला होता.


आरसा_भिंग
रविवार, पहाटे ५:३०

आकाशखूण, नराब्री कापसाचं आहे हे मला माहीत नव्हतं. आईला फोन करून सांगितलं.

हळदवाला भाऊ, ठिबकचा प्रकाश एकट्या अणूकडून येतो. अणूनं एक फोटॉन सोडला की तो खालच्या पातळीवर येतो. पुन्हा वर चढल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही. नळीत थेंब भरायला वेळ लागतो ना, अगदी तसंच. १९७७ मध्ये किंबल, डॅगेनाइस आणि मँडेल यांनी सोडियमच्या अणूंवर हे मोजलं. एका फोटॉनपाठोपाठ लगेच दुसरा येत नाही, हे पहिल्यांदा दिसलं ते तिथं. १९८६ मध्ये ग्रांजिए, रोजे आणि आस्पे यांनी कॅल्शियमच्या अणूंमधून जोडीनं सुटणाऱ्या फोटॉनपैकी एकाला वर्दी द्यायला लावलं. पहिला फोटॉन टिपला की त्याच क्षणी दुसरा वाटेवर आहे हे कळतं, आणि फक्त तेवढ्याच क्षणांत आरशामागचे दोन डिटेक्टर तपासायचे. त्यांना आकडा मिळाला ०.१८. लहरीला १ च्या खाली यायची परवानगीच नाही.

आम्ही आज अणूऐवजी स्फटिक वापरतो. ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेसर त्यातून गेला की क्वचित एखादा जांभळा फोटॉन फुटून ८१० नॅनोमीटरचे दोन होतात. एक वर्दी देतो, दुसरा आरशावर जातो. समजा १,००,००० वर्दी आल्या आणि त्यांत डावा डिटेक्टर ५,००० वेळा, उजवा ५,००० वेळा वाजला. लहर असती तर दोन्ही सोबत निदान २५० वेळा वाजायला हवे होते. प्रत्यक्षात ५ वेळा वाजले, तर ५ भागिले २५०, म्हणजे ०.०२.

सर, तुमच्यासाठी एक मुद्दाम सांगते. २००४ मध्ये अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेज नावाच्या लहानशा कॉलेजात पदवीच्या मुलांसाठी हा प्रयोग उभा केला गेला, आकडा आला ०.०१७७. ते कॉलेज ज्या वाला वाला गावात आहे ते गव्हाचं आणि गोड कांद्याचं गाव आहे. हे काम मोठ्या शहरातच होतं असं मुळीच नाही.

माझा स्वतःचा पहिला प्रयोग सांगू का? अंधारी खोली, डिटेक्टर काळ्या कापडात गुंडाळलेले, मॉनिटरपुढे काळा पुठ्ठा. चार्जरचा हिरवा दिवा उघडा राहिला तरी मोजणी उडी मारायची. तीन दिवस मोजत होते आणि जी-टू काही केल्या १ च्या खाली येईना. ०.९९, १.०२, पुन्हा १.००. वाटलं स्फटिकच खराब आहे. चौथ्या दिवशी रात्री सगळ्या तारा हातानं मोजल्या. वर्दी देणाऱ्या डिटेक्टरची केबल बाकी दोघांपेक्षा २ मीटर लांब होती. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे वर्दी १० नॅनोसेकंद उशिरा पोचत होती आणि मी तपासत होते फक्त ४ नॅनोसेकंदांची खिडकी. खरा जोडीदार केव्हाच निघून गेलेला, उरलेली सगळी निव्वळ योगायोगाची मोजणी. योगायोगाचा आकडा १ च येणार. केबल बदलली, दहा मिनिटांत आकडा खाली आला. त्या रात्री खोलीतून निघावंसंच वाटेना.


फळा_खडू
रविवार, सकाळी ९:१५

ताई, तुमची केबलची गोष्ट उद्या वर्गात सांगणार.

आता फळ्यावर दोन ओळी लिहू का? "जी-टू १ पेक्षा कमी, तो प्रकाश क्वांटम. जी-टू १ किंवा जास्त, तो साधा." बरोबर होईल ना?


आरसा_भिंग
रविवार, सकाळी ९:४०

पहिली ओळ लिहा. दुसरी अजिबात लिहू नका! रात्री सविस्तर लिहिते.


सांख्यिकी_काकू
रविवार, दुपारी १२:१०

तोवर मी एवढं सांगते. तापाच्या रुग्णाची मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली, म्हणून त्याला डेंग्यू नाही असं होत नाही. पॉझिटिव्ह आली तर निदान पक्कं. निगेटिव्ह आली तर एवढंच कळलं की या तपासणीत काही दिसलं नाही.


आरसा_भिंग
रविवार, रात्री ११:२०

काकूंनी नेमकं तेच सांगितलं.

क्वांटमपणाची व्याख्या एकच आहे, पण ती थेट मोजता येत नाही. म्हणून तपासण्या अनेक आहेत आणि प्रत्येकीला वेगळं काही तरी दिसतं. या सगळ्या विषयाचा गाभा माझ्या मते हाच आहे.

व्याख्येत आपल्या माणसाचा वाटा आहे. केरळातल्या कोट्टायमजवळ जन्मलेले ई. सी. जी. सुदर्शन यांनी १९६३ मध्ये दाखवलं की प्रकाशाची कोणतीही अवस्था ही लेसरसारख्या अवस्थांचं मिश्रण म्हणून लिहिता येते. त्याच वर्षी ग्लाउबर यांचंही काम आलं, म्हणून त्या मिश्रणाच्या प्रमाणाला दोघांच्या नावानं ग्लाउबर-सुदर्शन पी फलन म्हणतात. हे प्रमाण खऱ्याखुऱ्या शक्यतांसारखं असेल, म्हणजे अमुक २० टक्के, तमुक ३० टक्के, तर तो प्रकाश अभिजात, साधा. पण काही अवस्थांसाठी प्रमाण ऋण येतं, किंवा इतकं विचित्र होतं की त्याला शक्यता म्हणताच येत नाही. उणे १० टक्के दूध घालून खवा करा, असं कोणी सांगितलं तर तो करता येणार नाही ना? तसा प्रकाश लेसर आणि दिवे मिसळून बनवता येत नाही. त्याला क्वांटम म्हणायचं.

२००५ चं नोबेल ग्लाउबर यांना मिळालं, सुदर्शन यांना नाही. त्यांनी त्याबद्दल जाहीरपणे हरकत घेतली होती. ते २०१८ मध्ये गेले. ज्या सूत्रावर मी रोज काम करते त्यात त्यांचं नाव आहे, आणि आपल्या बारावीच्या मुलांना ते नाव माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पण पी फलन इतकं खडबडीत असतं की बहुतेक वेळा ते थेट मोजताच येत नाही. मग आपण त्याच्या खुणा शोधतो. जी-टू ही एक खूण. दुसरी खूण स्क्वीझ्ड म्हणजे दाबलेल्या प्रकाशाची. अगदी शुद्ध लेसरलाही एक किमान गोंगाट असतो, टिनावरच्या रिमझिमीच्या आवाजासारखा. त्याला शॉट नॉइज म्हणतात. प्रकाशाच्या लहरीला दोन बाजू असतात, आणि एका बाजूचा गोंगाट या मर्यादेखाली दाबता येतो. बदल्यात दुसऱ्या बाजूचा वाढतो, भरलेलं पोतं मधे दाबलं की टोकाला फुगतं तसा. १९८५ मध्ये स्लशर आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं.

आता तुमच्या दुसऱ्या ओळीबद्दल. दाबलेल्या निर्वात अवस्थेचा, म्हणजे एरवी प्रकाश नसलेल्या रिकाम्या अवस्थेचा गोंगाट दाबून जो क्षीण प्रकाश मिळतो त्याचा, जी-टू ३ च्याही वर असतो. फोटॉन तिथं जोडीजोडीनं येतात, सरीच्या पावसापेक्षाही दाटीनं. तुमच्या ओळीप्रमाणे तो साधा ठरला असता, आणि तो तर पक्का क्वांटम आहे.

तो मोजतात होमोडाईन पद्धतीनं. क्षीण प्रकाश आणि एक जोरकस लेसर अर्ध्या आरशावर एकत्र आणायचे, दोन्ही बाजूंना फोटोडायोड ठेवायचे आणि त्यांचे प्रवाह वजा करायचे. जोरकस लेसरचा स्वतःचा गोंगाट वजाबाकीत जातो, क्षीण प्रकाशाचा मात्र मोठा होऊन उरतो. आधी क्षीण प्रकाशापुढे काळा पुठ्ठा धरते. पडद्यावर एक आडवी थरथरती रेघ येते, ती शॉट नॉइजची. मग पुठ्ठा काढते आणि एक आरसा केसभराहूनही कमी, सावकाश पुढेमागे सरकवते. रेघ कमानीसारखी वर चढते, खाली उतरते, पुन्हा चढते. उतरताना ती त्या पहिल्या रेघेच्या खाली जाते. पुठ्ठा लावल्यावर, म्हणजे काहीच प्रकाश येत नसताना, जितका गोंगाट होता त्याहून कमी गोंगाट प्रकाश आल्यावर! कितीही वेळा पाहिलं तरी मी तिथं दोन मिनिटं थांबतेच.


हळदवाला
सोमवार, सकाळी ७:२०

ताई, अंधाराच्या गोंगाटापेक्षा उजेडाचा गोंगाट कमी! हे वाचून सकाळी गोठ्यात बसून राहिलो, म्हशीनं बादली लाथाडली.

एक इचारतो. केबल, काचा, आरसे, सगळीकडं थोडाथोडा प्रकाश वाया जात असंल. त्याचं काय होते?


आरसा_भिंग
सोमवार, दुपारी २:४५

भाऊ, आमची सगळी लढाई तिथंच आहे, आणि तुम्ही म्हशीचा विषय काढलाच आहे तर दुधाचंच उदाहरण घेते.

डेअरीला जाताना कॅनमधून जितकं दूध सांडतं तितकंच पाणी कोणी तरी भरून देतं असं समजा. प्रकाशात अगदी असंच होतं. जितका प्रकाश वाया जातो त्याच्या जागी निर्वाताचा साधा गोंगाट येऊन बसतो. शॉट नॉइजला १ म्हणू. गोंगाट दहा पट दाबला, म्हणजे ०.१ वर आणला. आता १० टक्के प्रकाश वाया गेला तर ०.१ चा नव्वद टक्के भाग म्हणजे ०.०९, आणि वरून आलेला ०.१, मिळून ०.१९. दहाव्या भागाच्या नुकसानानं गोंगाट जवळजवळ दुप्पट! निम्मा प्रकाश गेला तर ०.५५. कमाई जवळपास संपली. २०१६ मध्ये जर्मनीत हानोफरला १५ डेसिबल, म्हणजे सुमारे ३२ पट, दाबलेला प्रकाश मोजला गेला. त्यासाठी त्यांना आरशापासून फोटोडायोडपर्यंत एकेक टक्का वाचवावा लागला.

जी-टूचं वेगळं आहे. प्रकाश वाया गेला तर वरची आणि खालची मोजणी सारख्याच प्रमाणात घटते, भागाकार तोच राहतो. फक्त मोजायला वेळ जास्त लागतो. म्हणून सर, कमी पैशात शिकवायला जी-टू बरा.

तिसरी तपासणी विग्नर फलनाची. अकोल्याला सीटी स्कॅन करतात तेव्हा यंत्र रुग्णाभोवती फिरतं, वेगवेगळ्या कोनांतून सावल्या घेतं आणि त्यांवरून आतलं चित्र बांधतं. आम्हीही होमोडाईनचा आरसा सरकवत कोन बदलतो आणि गोंगाटाच्या सावल्यांवरून प्रकाशाच्या अवस्थेचं चित्र, म्हणजेच विग्नर फलन, बांधतो. १९९३ मध्ये हे पहिल्यांदा झालं. एकट्या फोटॉनच्या चित्रात मधोमध खड्डा असतो, आणि तो शून्याच्याही खाली जातो. शक्यतेचा नकाशा शून्याखाली गेला म्हणजे साध्या हिशेबाबाहेरची गोष्ट. हा खड्डा २००१ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठात पाहिला गेला. त्याची अट कडक आहे. एकूण कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या वर असेल तरच खड्डा शून्याखाली दिसतो, नाही तर दुधात पाणी इतकं होतं की तो बुजून जातो.

आणि हेही पाहा, दाबलेल्या निर्वाताच्या चित्रात असा ऋण खड्डा कुठंच नसतो. तोही क्वांटम, हाही क्वांटम, खुणा वेगळ्या.


आकाशखूण
सोमवार, रात्री ८:५०

यात आपल्या शेजारच्या गोष्टीची भर घालतो. दाबलेला प्रकाश केवळ प्रयोगशाळेतली नवलाई नाही. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या जिओ ६०० मध्ये तो २०१० पासून आणि अमेरिकेतल्या लायगोमध्ये २०१९ च्या निरीक्षणांपासून वापरतात. ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान हालचाल मोजायची, तिथं फोटॉनच्या रिमझिमीचा आवाज आड येतो. म्हणून यंत्राच्या अंधाऱ्या दारातून दाबलेलं निर्वात आत सोडतात.

लायगो-इंडिया होणार आहे ते हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. हिंगोली वाशीमला लागून आहे.


हळदवाला
सोमवार, रात्री ९:१०

माह्या मामाचं गाव आहे तिकडं. रिसोडवरून सेनगाव, मंग हिंगोली, मंग औंढा. ज्योतिर्लिंगाले आम्ही दरसाल जातो. आता गेलो का हे ध्यानात राहीन.


फळा_खडू
गुरुवार, रात्री ९:३०

मंडळी, तीन दिवस लिहिलं नाही कारण वर्गात प्रयोग चालू होता.

ठिबकची नळी आणली होती, पण ४ लिटरचा ड्रिपर इतका भराभर गळतो की थेंब मोजताच येईनात. मग मेडिकलमधून सलाईनचा नवा सेट आणला, त्याची चाकी फिरवून थेंब हवा तितका सावकाश करता येतो. खाली टिनाचा लहानसा तुकडा आढ्यासारखा दुमडून ठेवला आणि दोन्हीकडं डब्याची झाकणं. एक मुलगा ताल धरून टाळी वाजवायचा, दोघे आपापलं झाकण ऐकायचे, चौथी वहीत खुणा करायची. सलाईनच्या थेंबाला दोन्ही झाकणं एका टाळीत वाजली असं तासाभरात एकदाच झालं, आणि तेव्हाही थेंब आढ्यावर फुटला होता. मंगळवारी दुपारी पाऊस आला, तेव्हा तेच टिन आणि झाकणं घेऊन सगळी व्हरांड्याच्या कडेला. सर आली की दोन्ही झाकणं सोबत वाजायची. आकडे काढले, १ च्या बरेच वर.

काकू, तुमची खाचही सांगितली. २ आणि ४ चं उदाहरण फळ्यावर केलं आणि सांगितलं की थेंबाचं नवल नाही, प्रकाशाचं आहे. सुदर्शन यांचं नाव वहीत लिहून घ्यायला लावलं. आणि कार्यशाळेत ऐकून मी चुकीचं सांगितलं होतं, हेही वर्गापुढे सांगितलं. मंद लेसरची जात बदलत नाही.

ती मुलगी यावर खूश झाली, पण लगेच दुसरा प्रश्न. तिच्या घरी हळद आहे, ठिबकवर. म्हणाली, "सर, एकाच आढ्यावर दोन सलाईन लावल्या तर आकडा किती येईल? आणि आमच्या वावरातल्या सगळ्या नळ्या लावल्या तर?"


आरसा_भिंग
शुक्रवार, पहाटे ५:१०

सर, हिरे आणि क्वांटम डॉट (एकट्या अणूसारखे प्रकाश सोडणारे अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म कण) तपासणारे लोक रोज हाच प्रश्न विचारतात! तिला सांगा:

एक सलाईन असेल तर शून्य. दोन असतील तर ०.५, कारण एकीचा थेंब पडल्यावर तीच नळी लगेच दुसरा सोडत नाही, पण दुसरीला तसं बंधन नाही, म्हणून निम्म्या जोड्या उरतात. तीन असतील तर दोन तृतीयांश. दहा असतील तर ०.९, शंभर असतील तर ०.९९. सूत्र एवढंच की १ मधून नळ्यांच्या संख्येचा व्यस्तांक वजा करायचा. तिच्या वावरात हजारो ड्रिपर असतील. ते सगळे एका टिनावर आणले तर आकडा १ ला इतका चिकटेल की रिमझिम पावसापासून वेगळा ओळखता येणार नाही.

हिऱ्यातल्या एका ठिपक्यातून येणाऱ्या प्रकाशाचा जी-टू ०.५ च्या खाली आला, की आम्ही म्हणतो इथं प्रकाश सोडणारं केंद्र एकच आहे. दोन सारखी केंद्रं असती तर त्याखाली येता आलं नसतं. सूक्ष्मदर्शकाला ती वेगळी दिसत नाहीत, पण मोजणी सांगते.

दोन सलाईन लावून तिलाच मोजू द्या. टाळी मात्र थेंबाच्या वेळेपेक्षा बरीच जलद हवी, नाही तर माझ्या केबलसारखं होईल. आणि दोन्ही चाक्या अगदी सारख्या फिरवू नका, नाही तर थेंब एकमेकांच्या तालात अडकतील.


फळा_खडू
शुक्रवार, रात्री ८:००

आज दोन सलाईन लावल्या. चाक्या वेगवेगळ्या ठेवल्या, टाळी जलद धरली. पहिल्या शंभर टाळ्यांत आकडा इकडं तिकडं पळत होता. काकूंना विचारायचं आहे, भरवशाचा आकडा यायला निदान किती टाळ्या मोजाव्यात? मुलं शनिवारीही यायला तयार आहेत.


सांख्यिकी_काकू
शुक्रवार, रात्री ८:२५

टाळ्या मोजू नका, जोड्या मोजा. दोन्ही झाकणं सोबत वाजली असं १०० वेळा झालं की चूक साधारण १० टक्क्यांवर येते, कारण १०० चं वर्गमूळ १०. तितक्या जोड्या होईपर्यंत चालू ठेवा, मग शनिवार लागो की रविवार. दर अर्ध्या तासाला टाळी वाजवणारा बदला, दमलेल्या हाताचा ताल घसरतो. वही मला दाखवा.